खिम्याचं भानोलं

हेंद्रेपाडा, बदलापूर (पश्चिम)
८ जानेवारी

चि. अमेयस,


मीटलोफ हलका कसा करायचा, एवढंच तू विचारलं आहेस. पण त्याचं उत्तर दोन वाक्यांत देण्याजोगं नाही, म्हणून फोनवर न सांगता पत्र लिहायला घेतलं. तुझ्या घरमालकीणबाई थंडीत तो वरचेवर करतात, तुलाही आठवणीने वाढतात, आणि तुला तो आवडतो हे वाचून फार बरं वाटलं. विनिपेगला पारा उणे वीसच्या खाली गेलेला असताना कुणीतरी तुला गरम जेवायला बसवतं, हे मी ताईलाही लगेच कळवलं. पण खाल्ल्यावर रात्रभर पोट जड राहतं म्हणून तू स्वतः करून बघितलास: टर्कीच्या छातीचा खिमा, ब्रेड नाही, तेल नाही, अंड्यातला फक्त पांढरा भाग. तो कोरडाठाक झाला, सुरी लावल्याबरोबर भुगा पडला.

तसा तो होणारच होता. तू त्यातून एकेक गोष्ट काढत गेलास. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. खिमा हलका होतो तो त्यातून काय काढलं यापेक्षा त्यात काय घातलं यामुळे.

कारण असं. खिम्याला मीठ लावून मळलं की त्यातली प्रथिनं चिकट होतात आणि एकमेकांना धरून बसतात. आच लागली की ती आकसतात आणि आतलं पाणी बाहेर ढकलतात. चरबी असते तेव्हा ही पकड सैल राहते, घास ओलसर लागतो. चरबी गेली की पकड घट्ट. म्हणजे चरबी काढायची असेल तर तिच्या जागी पाणी धरून ठेवणारं दुसरं काहीतरी हवंच. तुझ्या बाई दुधात भिजवलेला ब्रेड घालतात ना, तो केवळ पुरवठ्याला नाही. ब्रेडमधला पिठूळ अंश दूध धरून ठेवतो, मांसाच्या कणांच्या मधे जाऊन बसतो आणि त्यांना एकमेकांत गच्च होऊ देत नाही. तू नेमका तोच काढलास! आपल्याकडे हे काम कोबी आणि बेसन करतात.

भानोलं आठवतं का तुला? शाळेत असताना आजीच्या हातचं खाल्लं आहेस, कोलंबीचं. ओव्हनमधून निघालेला, वर लालसर झालेला, सुरीने कापून वाढायचा खिमा बघून तुला ते आठवलं नाही, याचं मला नवल वाटलं. पाठारे प्रभूंच्या घरातला हा पदार्थ. सीकेपी घरांतही होतो, तिकडे कोबी-कोलंबीचा जास्त. आजी गिरगावात वाढली, शेजारी प्रभूंचं बिऱ्हाड होतं, तिथे ती तो शिकली. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणीमित्र’ची जुनी प्रतही तिला त्याच घरातून मिळाली होती. १९१० सालचं ते पुस्तक, एक हजार पाकक्रियांचं, आणि त्यात मटण-मासळीला कुठे आडपडदा नाही. आजीने ते पुस्तक देवाच्या पोथ्यांच्या फळीवर ठेवलं होतं. मला ते योग्यच वाटायचं.

कोलंबीच्या जागी खिमा घातला की खिम्याचं भानोलं. अर्धा किलो खिम्यात घरची सगळी माणसं आणि आलेला पाहुणा जेवून उठत, कारण निम्म्याहून थोडाच जास्त खिमा, बाकी कोबी, कांदा, कोथिंबीर. ही काटकसर होती हे खरं. पण काटकसरीतून आलेली चव कमी प्रतीची असते असं मी कधीच मानलं नाही. आणि मीटलोफचं तरी वेगळं काय आहे? अमेरिकेत तो घरोघर रुळला तो १९२९ नंतरच्या मंदीत, थोडं मांस ब्रेड नाहीतर ओट घालून सगळ्यांना पुरवायचं म्हणून. इंग्लंडमध्ये मांसावर रेशन आलं मार्च १९४० मध्ये आणि उठलं ते थेट जुलै १९५४ मध्ये. तेवढी वर्षं तिथल्या बायकांनीही खिमा असाच वाढवून वाढला. दक्षिण आफ्रिकेत केप मलय लोकांचं बोबोटी आहे, मसाल्याचा खिमा, दुधात भिजवलेला ब्रेड आणि वर अंड्या-दुधाचा थर देऊन भाजलेलं. ते तर आपल्या चवीच्या अगदी जवळचं. मांस मुबलक झाल्यावर मग त्या साध्या मीटलोफमध्ये चरबीदार खिमा आला, वर बेकनच्या पट्ट्या आल्या, केचप आणि साखरेचा लेप आला. तुझं पोट जड होतं ते त्या नंतरच्या मीटलोफने. तेव्हा तू काही नवीन शोधायला नकोस, त्या पदार्थाला त्याच्या जुन्या मापावर आण.

आता मांसाचं. तुमच्या कॅनडात खिम्याच्या पाकिटावरचे शब्द नीट वाच, त्यांना कायद्याने माप ठरवून दिलं आहे. ‘रेग्युलर’ म्हणजे ३० टक्क्यांपर्यंत चरबी, ‘मीडियम’ म्हणजे २३, ‘लीन’ १७ आणि ‘एक्स्ट्रा लीन’ १० पर्यंत. कोबी घालणार असशील तर ‘एक्स्ट्रा लीन’ बिनधास्त घे. टर्कीच घ्यायची तर नुसत्या छातीची नको, मांडीचा खिमा निम्मा तरी असू दे. मी इथे बकऱ्याच्या मांडीचं मटण घेते. खाटकाला आधीच सांगते, चरबी आणि पडदे काढ आणि मशीनमधून एकदाच काढ. बकऱ्याच्या मांसात चरबी मुळात कमी, शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅमच्या आसपास. खिमा तेलकट होतो तो वरून टाकलेल्या चरबीने. डॉक्टरांनी काकांचं कोलेस्टेरॉल बघून पथ्य सांगितलं तेव्हा त्यांनी मटण सोडलं नाही, ताटातलं प्रमाण बदललं. मला ते पटलं. आवडीची गोष्ट आयुष्यातून पुसून टाकायची आणि मग चोरून खायची, हे मी आपल्याच घरात बघितलं आहे.

५०० ग्रॅम खिम्याला ३०० ग्रॅम कोबी घे. एक गाजर, दोन मध्यम कांदे, मोठी मूठभर कोथिंबीर, आलं, लसूण, तुला झेपतील तेवढ्या हिरव्या मिरच्या, हळद, धने-जिरे पूड, थोडा गरम मसाला. मोठे चार चमचे बेसन आणि एक अख्खं अंडं. कोबी अगदी बारीक चिर, किसू नकोस, किसल्यावर त्याचा लगदा होतो. त्याला अर्धा चमचा मीठ चोळून पाव तास ठेव. पाणी सुटेल. हलक्या हाताने पिळून घे, पण ते पाणी टाकू नकोस, बेसन त्यातच भिजव. बेसन आधी कोरडंच मंद आचेवर परतून घ्यायचं, नाहीतर कच्चा वास राहतो. मग सगळं एकत्र कर, खिमा शेवटी, आणि मीठ बेताने, कारण कोबीला लागलेलं आहेच. इथे घाई झाली तरी चालेल, जोर चालणार नाही. बोटांनी वरखाली करायचं, कणकेसारखं तिंबायचं नाही. जितकं मळशील तितकं ते शिजल्यावर घट्ट होईल.

मिश्रण थापता आलं पाहिजे पण हाताला सैलसर लागलं पाहिजे. त्यातली सुपारीएवढी गोळी तव्यावर पूर्ण शिजव आणि खाऊन बघ. मीठ-तिखट तेव्हाच दुरुस्त करायचं, कच्चा खिमा चाखायचा नाही.

आणि तो उंच ब्रेडचा साचा वापरू नकोस. त्यात मधला भाग शिजेपर्यंत तास जातो, तोवर कडा वाळून जातात. पसरट ट्रेला तेलाचा हात लाव आणि दोन बोटं उंचीचा थर थाप. १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं पुरतात. शेवटच्या दहा मिनिटांत वर टोमॅटो लावायचा: तीन-चार टोमॅटो लसूण आणि लाल तिखट घालून पळीवाढे न ठेवता चांगले दाट आटवायचे, चिमूटभर गूळ, थोडं व्हिनेगर. केचपची आठवणही येणार नाही. मांसात खुपसायचा थर्मामीटर मात्र विकत घे. मटण किंवा बीफचा खिमा आत ७१ अंशांपर्यंत जायला हवा, टर्कीचा ७४ पर्यंत. अख्ख्या तुकड्यावरचे जंतू वरच्या वर असतात, दळताना ते आतपर्यंत जातात, म्हणून खिमा मधे गुलाबी ठेवायचा नाही. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नकोस. रस आत मुरतो, मगच सुबक कापलं जातं.

मी स्वतः ओव्हन वापरत नाही. आमचा ओव्हन २०१९ च्या पुरात गेला. २७ जुलैला उल्हास नदी पात्राबाहेर आली, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली तो दिवस. तळमजल्यावरचं आमचं स्वयंपाकघर पाण्याखाली होतं. पाणी ओसरल्यावर चिखलातून आजीची पितळी लंगडी तेवढी धड निघाली. कल्हई करून घेतली आणि भानोलं परत आजीच्या पद्धतीने करायला लागले: लंगडीला तेल, त्यात मिश्रण, खाली जाड तवा आणि मंद गॅस, वर झाकणावर निखारे. निखारे नसतील त्या दिवशी ताटलीत उलटं करून दुसरी बाजू खाली घालते. निखाऱ्यांनी वरून जी खरपूस चव येते ती गॅसवर येत नाही, ओव्हनमध्येही पुरती येत नाही. तुझ्या खोलीत निखारे पेटवायचं मनातही आणू नकोस. बंद घरात त्यांचा विषारी वायू जीव घेतो.

तुमच्या बर्फापुढे आमची थंडी ती काय, पण मुंबईपेक्षा ती खूप बोचरी आहे. समुद्र लांब, नदी उशाशी, एका अंगाला चंदेरी-माथेरानचे डोंगर, आणि रात्री जमिनीवरून येणारं कोरडं वारं. पहाटे पारा बारा-तेरावर येतो. पहाटेच्या लोकलला माणसं कानटोप्या घालून जातात. अशा दिवसांत आदिवासी बायका ओला लसूण, ओली हळद, वालाच्या शेंगा घेऊन स्टेशनाबाहेर बसतात. ओल्या लसणाची पात मी भानोल्यात कोथिंबिरीएवढी घालते. तुला तिकडे ती मिळणार नाही, पातीचा कांदा घाल.

थंडीतलं जेवण जड असायलाच हवं असं तुला वाटतं, ते मला पटत नाही. ऊब पातळ आणि गरम गोष्टींतून येते. ताटात भानोल्याचे दोन तुकडे, तांदळाची भाकरी, मुळ्याची कोशिंबीर आणि वाटीभर कुळथाचं कढण, वर लसणाची फोडणी. कढण प्यायल्यावर काका शाल काढून ठेवतात. तुला कुळीथ भारतीय दुकानात मिळतील. नाहीच मिळाले तर टोमॅटोचं सार कर, आलं जास्त घालून. उकडलेल्या बटाट्याचा लोण्यातला ढीग मात्र त्या बाजूला नको, तुझं निम्मं जडपण त्यात आहे.

उरलेलं फ्रीजमध्ये तीन दिवस नीट राहतं. कापून एकेक तुकडा वेगळा गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकलास तर कॉलेजच्या आठवड्यात हाताशी येईल. तव्यावर दोन्ही बाजूंनी परतून ब्रेडमध्ये घाल, सोबत कच्चा कांदा आणि लिंबू. मला तर ते दुसऱ्या दिवशीच जास्त आवडतं.

पहिल्यांदा करशील तेव्हा तुझ्या बाईंनाही वाढ. त्यांनी तुला इतकं खाऊ घातलं आहे, आणि खिम्यात ब्रेड का घालायचा हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक असेल, त्यांच्याशी बोल. तिकडचा कोबी किती पाणी सोडतो ते बघून बेसन एखादा चमचा कमी-जास्त करावं लागेल. काय झालं ते सविस्तर कळव. ट्रे किती मोठा आहे तेही लिही, म्हणजे मापं नीट बसवून देते.

तुझी,
मावशी