धागा : लोहाराचा मुलगा, मॅकगाउअन ते स्मिथ

१/ आडनावांच्या इतिहासावरील आपल्या मालिकेत आज आयर्लंडमधील एक घराणे. या घराण्यातील अनेकांनी आडनाव बदलले. अर्थ मात्र तोच राहिला. तरीही ते कागदपत्रांतून जवळजवळ दिसेनासे झाले. हा धागा लिहिण्यास माझे एक घरगुती कारणही आहे. ते ओघाने येईल.

२/ प्रथम शब्द पाहू. आयरिश भाषेत 'गाउ' म्हणजे लोहार आणि 'मॅक' म्हणजे मुलगा. लोहाराचा मुलगा तो मॅकगाउअन. आयर्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावे दहाव्या शतकापासून रूढ होऊ लागली. युरोपात ती फार जुनी मानली जातात. 'ओ' म्हणजे नातू, वंशज. मुलीच्या नावात 'मॅक'च्या जागी 'निक' येते.

३/ या समाजात लोहार सामान्य कारागीर नव्हता. आयरिश पुराणकथांत गोइब्न्यू नावाचा देव लोहार आहे. तो देवांची शस्त्रे घडवतो आणि त्याचे नावही 'गाउ' याच धातूवरून आलेले आहे. संत पॅट्रिकच्या नावावर असलेल्या एका जुन्या प्रार्थनेत तर लोहारांच्या मंत्रांपासून रक्षण मागितले आहे. लोखंड वितळवणाऱ्याविषयी आदर होता, तसे भयही होते.

४/ या घराण्याचे प्रमुख ठाणे ब्रेफ्नी हा प्रदेश. त्याचा पूर्व भाग म्हणजे आजचा कॅव्हन परगणा. तेथे ओ'रायली घराण्याची सत्ता होती. मॅकगाउअन हे या प्रदेशातील प्रमुख कुळांपैकी एक.

५/ आता वर्ष १४६५. इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याच्या काळात आयर्लंडच्या संसदेने कायदा केला : डब्लिन, मीथ, लाउथ व किल्डेअर या चार परगण्यांत राहणाऱ्या आयरिश माणसाने इंग्रजी पेहराव करावा आणि इंग्रजी आडनाव घ्यावे. ते एखाद्या गावाचे असावे, रंगाचे असावे किंवा व्यवसायाचे. व्यवसायांच्या उदाहरणांत 'स्मिथ', म्हणजे लोहार, स्पष्ट लिहिलेला आहे. न ऐकणाऱ्याची मालमत्ता जप्त.

६/ कॅव्हन या चार परगण्यांबाहेर होते, म्हणून तेथे बदल उशिरा झाला. १६१० पासून अल्स्टरमध्ये इंग्रज व स्कॉटिश वसाहती वसवण्यात आल्या. कॅव्हनची जमीनही त्यांत वाटली गेली. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी कॅथलिकांना जमीन विकत घेण्यास बंदी झाली. भाडेपट्टासुद्धा ३१ वर्षांहून अधिक मुदतीचा मिळेना.

७/ याच दडपणाच्या काळात कॅव्हनमधील बहुसंख्य मॅकगाउअन 'स्मिथ' झाले. शेजारच्या लिट्रिममध्ये आणि डोनेगॉलमध्ये मात्र मूळ रूप टिकले. कूळ एक, आडनावे दोन. आजही कॅव्हनमध्ये स्मिथ हे अतिशय प्रचलित आडनाव आहे, आणि तेथील अनेक स्मिथांचे पूर्वज इंग्लंडहून आलेले नाहीत.

८/ इतिहासाच्या अभ्यासकाची अडचण येथे सुरू होते. १८४५ नंतरच्या महादुष्काळात लाखो लोक अमेरिकेला गेले. जहाजाच्या यादीतील 'मॅकगाउअन' आयरिश म्हणून ओळखता येतो. 'स्मिथ' इंग्रज स्मिथांच्या गर्दीत विरघळून जातो. त्यात १९२२ साली यादवी युद्धात डब्लिनचे अभिलेखागार जळाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुतेक जनगणना नष्ट झाल्या. कॅव्हनच्या १८२१ च्या जनगणनेचा काही भाग वाचला, एवढेच.

९/ आता घरगुती कारण. माझ्या जन्मदाखल्यावर आमच्या गावाच्या नावाला 'कर' जोडून केलेले आडनाव आहे. आजोबांच्या सातबाऱ्यावर मात्र 'लोहार' आहे. अंगणात त्यांची ऐरण अजून आहे. भाता कधीच फाटून गेला. वडिलांनी नोकरीसाठी शहरात आल्यावर राजपत्रात सूचना देऊन आडनाव बदलले.

१०/ ते कात्रण मला एकोणिसाव्या वर्षी एका ट्रंकेत सापडले. इतिहासाचे वेड नुकतेच लागले होते. मी तावातावाने विचारले, "बाबा, तुम्हांला आजोबांची लाज वाटली का?" ते गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "खोली भाड्याने बघत होतो. आडनाव ऐकून तिघांनी नाही म्हटलं. चौथ्याला मी गावाचं नाव सांगितलं."

११/ त्या वेळी मला हे उत्तर अपुरे वाटले. पुढे कॅव्हनचा इतिहास वाचताना त्या ३१ वर्षांच्या भाडेपट्ट्याशी मी थबकलो. 'स्मिथ' असे नाव सांगणाऱ्या त्या शेतकऱ्याला आज आपण भित्रा म्हणू का? त्याला डोक्यावर छप्पर हवे होते. त्याने इंग्रजीत जाऊनही लोहारपण सोडले नाही, हे मला विशेष वाटते. माझ्या वडिलांना तीही सोय नव्हती.

१२/ आयर्लंडमध्ये पुढे उलटा प्रवाह सुरू झाला. १८९२ मध्ये डग्लस हाइड यांनी गाजलेल्या भाषणात आयरिश नावे टाकून देण्याच्या वृत्तीवर टीका केली; १८९३ मध्ये गेलिक लीग स्थापन झाली. अनेकांनी गळालेले 'ओ' आणि 'मॅक' परत जोडले. आयरिश आडनावांचे थोर अभ्यासक एडवर्ड मॅकलायसाट हेही जन्माने नुसते 'लायसाट'; 'मॅक' त्यांनी १९२० मध्ये पुन्हा घेतले. सगळ्यांनी असे केले नाही. कॅव्हनचे बहुतेक स्मिथ स्मिथच राहिले.

१३/ मीही आडनाव बदललेले नाही. मात्र गेल्या दिवाळीत वंशावळ नव्याने लिहिताना वडिलांच्या नावापुढे दोन्ही आडनावे लिहिली आणि बदलाचे वर्ष घातले. कागद त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि कारणाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिले : 'खोली मिळेना.'

१४/ तुमच्या घरी जुना सातबारा, शाळा सोडल्याचा दाखला किंवा मोडीतले एखादे खत असेल, तर आडनाव पडताळून पाहा. ते बदललेले आढळले तर वर्ष टिपून ठेवा, आणि शक्य असेल तोवर घरातल्या वडीलधाऱ्यांना कारण विचारा. विचारताना माझ्यासारखा आवाज मात्र चढवू नका.