तो परत आला, पण मधली वर्षं कुठे गेली?

शक्तिमान परत येतोय! नोव्हेंबर २०२४ मध्ये ही बातमी आली आणि आमच्या पिढीच्या सरळ दोन पार्ट्या पडल्या. टीझरमध्ये तोच ड्रेस, तीच गिरकी आणि तेच मुकेश खन्ना. फक्त वय पासष्टीच्या पुढचं. एक पार्टी म्हणाली, 'सही! आपला हिरो आला!' दुसरी म्हणाली, 'सर, प्लीज, आता पुरे. आमच्या आठवणी तरी धड राहू द्या.' अनेकांना वाटलं, मालिकाच पुन्हा सुरू होतेय. प्रत्यक्षात ते मुलांसाठी देशभक्तीचं गाणं घेऊन आले होते. झालं! चेष्टेला नुसता ऊत आला.

पुण्यात आमच्या ऑफिसात आठवडाभर लंच टाइमला हाच विषय. मी अर्थातच दुसऱ्या पार्टीत. एका संध्याकाळी बिरवाडीला दादाला फोन लावला, तर तो पहिल्या पार्टीत निघाला. "अगं, आला ना तो? मग झालं तर!"

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. सप्टेंबर १९९७ मध्ये दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झालं, तेव्हा आम्ही दोघं शाळेत होतो. महाडच्या एमआयडीसीला लागून असलेल्या आमच्या बिरवाडीत तेव्हा टीव्ही बघणं हे एकट्याचं काम नव्हतं. एकाने कौलांवर चढून अँटेना फिरवायचा, दुसऱ्याने दारातून ओरडायचं, "आलं... गेलं... आलं, आता हलू नकोस!" न हलण्याची ड्यूटी कायम दादाची. म्हणजे गीता विश्वास, तमराज किल्विश आणि 'पॉवर'साठी झपाटलेला तो वेडा शास्त्रज्ञ डॉक्टर जॅकाल मला पडद्यावर दिसायचे, आणि दादाला कौलांवरून नुसते ऐकू यायचे. २००५ मध्ये मालिका संपली. पुढे मी शिकायला पुण्याला आले आणि इथलीच झाले. दादा एमआयडीसीत शिफ्ट करायला लागला.

एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाउनमध्ये, दूरदर्शनने जुने एपिसोड पुन्हा दाखवले. तेव्हा दादाने लेकीला मांडीवर घेऊन 'शक्तिमान' पहिल्यांदा सलग पाहिलं. मी मात्र दहा मिनिटांत चॅनल बदललं. इफेक्ट्स किती बाळबोध वाटत होते! आता सांगा, जास्त मोठा फॅन कोण?

मग मला नेमकं खटकतंय तरी काय? वय? छे! उत्तर मला सापडलं ब्रिटनच्या 'डॉक्टर हू'मध्ये. काळातून आणि अवकाशातून भटकणाऱ्या डॉक्टरची ही मालिका १९६३ मध्ये सुरू झाली, १९८९ मध्ये थांबली आणि २००५ मध्ये नव्याने आली. पुढच्याच वर्षी त्यात सारा जेन स्मिथ परतली. ही डॉक्टरची जुनी सोबतीण. १९७६ मध्ये डॉक्टरने तिला पृथ्वीवर सोडलं होतं. तीस वर्षांनी एलिझाबेथ स्लेडन त्याच भूमिकेत आली. चेहऱ्यावर तीस वर्षं स्पष्ट दिसत होती आणि कोणी ती लपवली नाहीत. उलट डॉक्टर भेटल्यावर ती त्याला जाबच विचारते, की मला सोडून गेलास तो परत का नाही आलास? फॅन्सनी तिला असं डोक्यावर घेतलं, की २००७ मध्ये तिच्या नावाची वेगळी मालिकाच सुरू झाली.

फरक लक्षात येतोय? शक्तिमान आला तो काही घडलंच नाही अशा थाटात. सारा जेन आली ती मधल्या वर्षांचा हिशेब घेऊन. परत येणाऱ्या कॅरेक्टरने म्हातारं व्हायला आमची काहीच हरकत नाही. आम्हीही झालोय की! केस पांढरे, ईएमआय चालू. पण इतकी वर्षं होतास कुठे, हे तरी सांगशील की नाही? पिकल्या केसांचा शक्तिमान, त्याची विचारपूस करणारी गीता, असं काही असतं तर मीसुद्धा पहिल्या पार्टीत गेले असते.

हे सगळं मी दादाला फोनवर ऐकवलं. अगदी तावातावाने. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "बरोबर आहे तुझं. आता तू सांग, तीन शिमगे झाले, तू कुठे आहेस?"

मला पटकन काही सुचेना. अप्रेझल, ट्रॅफिक, मुलाची परीक्षा... कारणं बरीच होती, पण फोनवर एकदम फुसकी वाटायला लागली. सारा जेन अशी चुलतभावाच्या आवाजात बोलेल, असं वाटलं नव्हतं बुवा!

दादाचं तत्त्व सोपं आहे. येणाऱ्याला आधी घरात घ्यायचं, हिशेब मागाहून. माझं तत्त्व, आधी हिशेब. दोघांनाही आपापलं बरोबर वाटतं. तो कौलांवर उभा राहायचा, मी दारात. कदाचित तेव्हापासूनच आम्हाला एकच मालिका वेगवेगळी दिसत असावी.

शिमग्याची रजा टाकलीय. काही घडलंच नाही असा चेहरा करून मात्र बिरवाडीत उतरणार नाही.