तीन बंदुकांच्या गावी

आमच्या आजोबांची एक विलायती सायकल होती. तिच्या हँडलखाली, पुढच्या नळीवर, पितळेचा एक बिल्ला होता आणि त्यावर तीन बंदुका एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या होत्या. सायकलचा आणि बंदुकांचा संबंध काय, हे कोडे मी लहानपणी आजोबांना घातले होते. ते म्हणाले, “चोर येऊ नये म्हणून असतील!” हे उत्तर मला चाळीस वर्षे पुरले. खरे उत्तर मिळायला बर्मिंगहॅमला जावे लागले.

मराठीच्या प्राध्यापकाने बंदुकीवर लेखणी चालवावी, हा आगाऊपणा आहे खरा. माझा बंदुकीशी परिचय दोन टप्प्यांचा. पहिला दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलाचा, दुसरा कॉलेजात एन. सी. सी.त असताना बावीस बोअरच्या रायफलचा. पोटावर पालथे पडून पाच गोळ्या झाडल्या होत्या. त्यातल्या तीन शेजारच्याच्या निशाणावर लागल्या आणि त्याचा दुसरा नंबर आला.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत काकांकडे महिनाभर राहिलो. काका 1966 साली, बाविसाव्या वर्षी, बर्मिंगहॅमला गेले आणि स्मॉल हीथच्या बी. एस. ए. कारखान्यात मशीनवर उभे राहिले. बी. एस. ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. 1861 साली गावातल्या बंदूककारांनी एकत्र येऊन ही कंपनी काढली. बंदुकांची मागणी युद्धावर अवलंबून. युद्ध संपले की हात रिकामे. म्हणून तीच यंत्रे आणि तेच कारागीर सायकलींना लागले, पुढे मोटारसायकलींना. बिल्ल्यावरची खूण मात्र जुन्या धंद्याची राहिली. झाले! आजोबांच्या सायकलचे कोडे पहिल्याच दिवशी, चहा निवायच्या आत सुटले.

दुसऱ्या दिवशी काकांनी आपले काम सांगितले. “अरे प्रोफेसर, मला एक जुनी रायफल घ्यायची आहे. बावीसची, बोल्टची. तू माझ्याबरोबर हिंडायचंस.”

“अहो काका, मला त्यातलं काय कळतं?”

“कळायला मी आहे. तुझे फक्त डोळे हवेत.”

तेव्हा मला उमगले. काकांच्या दोन्ही डोळ्यांचा पडदा मधोमध विरला आहे. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. साठ वर्षे नेम धरलेल्या माणसाला नेमके नेमाचेच ठिकाण दिसेनासे झाले! रायफल बाळगण्याचा त्यांचा पोलीस-परवाना नोव्हेंबरात संपणार होता आणि तो पुन्हा करून घ्यायचा नाही असे त्यांनी ठरवले होते. त्याआधी एक चांगली रायफल शोधून नातीसाठी ठेवायची होती. नात पंधरा वर्षांची, आजोबांबरोबर क्लबात जाऊन नेमबाजी शिकलेली. पण तिचे वडील, म्हणजे माझे चुलतभाऊ, ठाम होते. “बाबा, तिनं क्लबात हवं तेवढं खेळावं. पण माझ्या घरात बंदूक यायची नाही.” काका यावर काही बोलत नसत. काकू जास्तच बोलत.

बंदुकीच्या खरेदीपूर्वी काकांनी मला गाव दाखवले. आर्मरी रोडवर, कालव्याच्या कडेला, त्यांचा कारखाना होता. 19 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन बाँब पडून इथे रात्रपाळीचे 53 कामगार ठार झाले. 1973 साली कंपनीचा डोलारा कोसळला आणि पुढे बहुतेक इमारती पाडल्या गेल्या. जिथे काही उरले नाही तिथे काका काठीने मला जागा दाखवत होते. “इथं माझं मशीन. इथं आम्ही डबा खायचो.” मी रिकाम्या जागेकडे बघून मान हलवत होतो.

तिथून प्रूफ हाऊसला गेलो. 1813 सालच्या कायद्याने स्थापन झालेली ही संस्था. दारावर शस्त्रांची कोरीव रचना आहे. बंदूक विकण्याआधी तिची इथे परीक्षा व्हायची. नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार भरून ती उडवायची. नळी टिकली तर तिच्यावर मुकुट आणि अक्षरे ठोकायची. मुकुटाखाली बी. पी. म्हणजे बार सोसला, बी. व्ही. म्हणजे डोळ्यांनी तपासली, एन. पी. म्हणजे नव्या धूरविरहित दारूलाही टिकली. आमच्या विद्यापीठांच्या परीक्षांत असा जास्तीचा बार भरत नाहीत, हे नशीबच म्हणायचे!

बावीसच्या रायफलची कुळकथाही काकांनी चालता चालता सांगितली. 1899 ते 1902 च्या दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात बोअर शेतकऱ्यांच्या अचूक नेमबाजीने इंग्रजांची झोप उडाली. आपल्या गिरणीतल्या, गोदीतल्या माणसाला नेम धरता आला पाहिजे, असे त्यांच्या पुढाऱ्यांना वाटले. त्यांत प्रमुख लॉर्ड रॉबर्ट्स. हा सेनापती 1832 साली आपल्या कानपुरात जन्मला आणि 1914 साली फ्रान्समध्ये हिंदी सैनिकांना भेटायला गेला असता तिथेच वारला. मोठ्या रायफलीला लांबलचक मैदान हवे आणि काडतूसही महाग. बावीसचे काडतूस स्वस्त, आवाज बेताचा आणि पंचवीस यार्डांची खोली पुरे. 1901 साली अशा क्लबांची संस्था निघाली आणि गावोगाव, कारखान्याच्या मागे, शाळेच्या तळघरात लोक संध्याकाळी पालथे पडू लागले.

हे काडतूस म्हणजे आपल्या टिकलीचे थोरले भावंड. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध स्फोटक टोपी असते; याच्या बुडाच्या काठातच ते द्रव्य भरलेले असते. रायफलची पिन काठावर आपटली की बार होतो. शिशाची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची.

मग खरेदीला निघालो. इथे रायफल भाजीसारखी मिळत नाही. कोणत्या बोअरची, कशा प्रकारची, हे परवान्यावर आधी मंजूर असावे लागते; विकणारा त्यावर नोंद करून देतो; घरी भिंतीला जखडलेले पोलादी कपाट लागते. दुकानदार मात्र मोठे अगत्यशील. आंधळा म्हातारा आणि विजार सावरणारा प्राध्यापक ही जोडी पाहूनही कोणी हसले नाही.

पहिल्या दुकानातली रायफल बघताच मी भाळलो. पहिल्या महायुद्धाआधीची, अक्रोडाचा दस्ता आरशासारखा, पोलादाला निळी झाक. मी वर्णन करू लागलो तसे काका म्हणाले, “कविता पुरे. नळीत बघ.”

बोल्ट मागे ओढून काढला की नळी आरपार मोकळी होते. तोंडाशी पांढरा कागद धरायचा आणि मागून पाहायचे. निरोगी नळीत प्रकाशाची गोल गोल वलये दिसतात आणि मळसूत्री आटे दुसऱ्या टोकापर्यंत स्वच्छ फिरत जातात. इथे मला देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले. काकांनी मान हलवली. 1930 च्या आधीच्या बहुतेक काडतुसांच्या टोपीतल्या द्रव्याचा क्षार नळीत राही आणि हवेतला ओलावा ओढून घेई. संध्याकाळी खेळून झाल्यावर नळी पुसायचा कंटाळा केला की आतून गंज धरायचा. वरून कीर्तन, आतून तमाशा! अशा पुष्कळ नळ्या नंतर पोखरून त्यांत बारीक आट्यांची नवी नळी बसवली गेली. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलचे ते काम नावाजलेले होते. या रायफलीचे भाग्य तेवढे नव्हते.

दुसऱ्या दुकानात नळी स्वच्छ, पण मध्यावर एक काळी कडी दिसली. “सोडून दे,” काका म्हणाले. गोळी नळीत अडकली असता कोणीतरी मागून दुसरी झाडली की तिथे नळी फुगते आणि बाहेरून काही कळत नाही. तिसरीचा बोल्ट दुसऱ्याच रायफलचा होता. त्यावरचा नंबर आणि अंगावरचा नंबर जुळेना. चौथीत काकांनी काडतुसाच्या घराच्या काठावर नख फिरवले. रिकामी रायफल वारंवार चाप ओढून चालवली की पिन काडतुसाऐवजी त्या काठावर बसते आणि तिथे खाच पडते. मला भिंगातूनही न दिसलेली खाच त्यांच्या नखाला लागली. दस्त्याच्या मनगटाची भेग, स्क्रूंच्या फाटलेल्या खाचा, नळीच्या तोंडाची झिजलेली कडा, सारे ते बोटांनी वाचत होते. जन्मभर मी मुलांना ओळींच्या मधले वाचायला शिकवले. इथे मी विद्यार्थी होतो.

तीन आठवडे असे गेले. शेवटी वुस्टरशायरच्या एका खेड्यातल्या दुकानात, कोपऱ्यातल्या एका ओबडधोबड रायफलकडे पाहून मीच थबकलो. बोथट नाक, तोंडापर्यंत लाकूड, मागे वळलेली बोल्टची मूठ. ही माझ्या ओळखीची होती! फौजेची तीन-शून्य-तीन, बावीसची करून शिकाऊंसाठी ठेवलेली. एन. सी. सी.त मी पालथा पडलो होतो तो याच घाटाच्या रायफलमागे.

काकांनी ती हातात घेतली. वजन सुमारे चार किलो. बोल्ट मागे-पुढे केला. खालच्या पेटीला बोट लावले. तिच्यात स्प्रिंग नसते, एकेक काडतूस हाताने घालायचे, आणि रिकामी पुंगळी त्या पेटीत पडते. काका बराच वेळ गप्प होते. 1963 साली सगळ्या कॉलेजकुमारांना एन. सी. सी. सक्तीची झाली तेव्हा सांगलीच्या मैदानावर त्यांनी जी उचलली होती, तीही अशीच होती.

“नळी?” त्यांनी विचारले. आवाज घोगरा झाला होता.

मी पाहिले. कागदाचा उजेड, वलयामागून वलये, आटे शेवटपर्यंत. एकदा वाटले, काही दोष असता तरी या क्षणी मी तो सांगितला असता का? म्हणून नळी दुसऱ्या टोकाने पुन्हा पाहिली, बोल्टचा नंबर अंगावरच्या नंबराशी ताडला. “निर्मळ आहे, काका,” मी म्हणालो, आणि ते खरे होते.

दस्ता ओरखड्यांनी भरलेला होता. शेकडो शिकाऊ पोरांच्या नखांचे आणि बकलांचे ते ओरखडे. काका म्हणाले, “ते राहू दे. ते बाहेरचं आहे.”

पण त्यांनी ती लगेच घेतली नाही. परतताना गाडीत मागच्या सीटवर नात होती, गाडी चुलतभाऊच चालवीत होते. काका एकाएकी म्हणाले, “मी सेक्रेटरीशी बोलतो. पैसे माझे, रायफल क्लबच्या परवान्यावर. कपाट क्लबचं, किल्ली क्लबची. घरी यायची नाही.”

गाडीत कोणी बोलले नाही. काही वेळाने चुलतभाऊ म्हणाले, “बाबा, काडतुसांचे पैसे मी देईन.”

माझ्या निघण्याच्या आदल्या शनिवारी क्लबचा पाहुण्यांचा दिवस होता. निशाणाच्या कार्डावर दहा वर्तुळे, प्रत्येकावर एकच गोळी. नातीने शंभरातले त्र्याण्णव काढले. माझे एकेचाळीस; पण यंदा सगळ्या गोळ्या माझ्याच कार्डावर होत्या. मग काका खाली झोपले. वर्तुळ दिसत नव्हते, कार्डाची कडा दिसत होती. नात शेजारी पडून सांगत होती, “आजोबा, थोडं डावीकडे. आता वर. बस.” कार्ड आणले तेव्हा दहातली सात भोके कार्डावर होती, आणि एक काळ्यात. ते भोक काकांनी बोटाने चाचपून पाहिले आणि कार्ड खिशात ठेवले.

मग खिशातून नळी पुसायची सळई काढून त्यांनी नातीच्या हातात दिली. “कंटाळा करायचा नाही,” ते म्हणाले.

ती नळी पुसत बसली. तिचे वडील कपाटाशी उभे राहून तिची वाट पाहत होते.