बागेचं कुलूप सगळ्यांना सारखं नव्हतं

कोरोनात बागा बंद होत्या, त्रास सगळ्यांनाच झाला, असं आजही सांगितलं जातं. हे अर्धसत्य आहे. आम्ही कल्याण पूर्वेच्या चाळीत होतो. एक खोली, सहा माणसं, संडास सार्वजनिक. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या संकुलांत निदान बाल्कनी, गच्ची, आवार होतं.

3 जून 2020 पासून राज्य शासनाने मोकळ्या जागी चालण्या-धावण्याला परवानगी दिली. पण 2 जुलैला ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत पुन्हा टाळेबंदी लागली, ती 19 जुलैपर्यंत चालली. मासुंदा तलाव, उपवन, काळा तलाव ही आमची चैन नव्हती, श्वास घ्यायची जागा होती. हा विषाणू उघड्यावर कमी आणि कोंदट खोलीत जास्त पसरतो, हे विज्ञान सांगतं. मग आम्हाला कोंडून सुरक्षित कोण झालं?

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले, ते केवळ तहान भागवायला नव्हे. सार्वजनिक जागेवर आपला समान हक्क आहे, हे सांगायला. तोच हक्क संविधानाच्या कलम 15(2) मध्ये आहे. कुलुपावर जात लिहिलेली नसते, हे मान्य. पण एका खोलीत कोंडलेल्या वस्त्या बहुतेक कोणाच्या, हे बघा.

पुढच्या साथीत वस्तीजवळची मैदानं वेळा वाटून आधी उघडली पाहिजेत. तरुणांनो, विकास आराखड्यात आपल्या प्रभागात मैदानासाठी कोणती जागा राखीव आहे आणि आज तिथे काय उभं आहे, हे माहिती अधिकारात विचारा. साथ यायची वाट बघू नका.

जय भीम!