वारा किती वाजता येणार?

उष्ण कटिबंधातल्या समुद्रावर हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारला खाली. रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. वादळाचा मागमूस नसतानाही दोन-तीन हेक्टोपास्कलचा हा खेळ रोज चालू असतो. म्हणून सागरी अंदाजाच्या कामात आत्ताचा दाब तीन तासांपूर्वीच्या दाबाशी ताडून भागत नाही, कालच्या याच वेळेच्या दाबाशी ताडावा लागतो. चोवीस तासांत तो तेवढाच उतरलेला दिसला आणि शेजारच्या ठाण्यांवरही तेच आढळले, तर मग खुर्चीतून उठायचे नाही.

उत्तर अटलांटिकवर समभार रेषा किती दाटल्या हे पाहून वाऱ्याचा वेग बऱ्यापैकी सांगता येतो. आपल्याकडे, विशेषतः विषुववृत्ताच्या बाजूला, पृथ्वीच्या फिरण्याचा जोर वाऱ्यावर फारसा चालत नाही आणि दाबातले फरकही थोडे असतात. त्यामुळे वाऱ्याचाच नकाशा काढावा लागतो. त्यासाठी जहाजांनी कळवलेली निरीक्षणे असतात, समुद्रात नांगरलेल्या बोयांच्या नोंदी असतात, आणि पाण्याच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा टिपून वारा मोजणारे ओशनसॅटसारखे उपग्रह असतात. पण उपग्रहाचा पट्टा कधी कधी नेमका वादळाच्या बाजूने निघून जातो, आणि शहाणा कप्तान वादळाच्या जवळ जातच नाही. जिथली नोंद सर्वांत जास्त हवी, तिथेच नकाशा कोरा राहतो. ती कोरी जागा भरणे हे माझे काम होते, आणि त्या कामावर माझे मनापासून प्रेम होते.

मी माकुणसारची. सफाळे आणि केळवे रोड या स्टेशनांच्या मधले हे गाव, खाडीकाठचे. कुलाब्याला हवामान खात्याच्या कार्यालयात वाऱ्याचा नकाशा काढताना माझे बोट नकळत वर, वसईच्या उत्तरेला जाई. दातिवरे, एडवण, केळवे, वडराई, माहीम, सातपाटी, मुरबे, नवापूर, तारापूर. मुंबईच्या नकाशावर हा सगळा ‘उत्तर महाराष्ट्र किनारा’ या तीन शब्दांत बसतो. तिथल्या माणसाला मात्र प्रत्येक खाडीचे तोंड वेगळे माहीत असते.

आंतरराष्ट्रीय मोजपट्टीत झंझावात सुरू होतो चौतीस नॉटला, म्हणजे ताशी ६३ किलोमीटरला. ही रेघ मोठ्या जहाजांसाठी ठीक आहे. आपल्या मच्छीमारांसाठी इशारा त्याच्या कितीतरी आधी द्यावा लागतो, ‘सोसाट्याचा वारा, ताशी ४५ ते ५५, झोत ६५ पर्यंत’ असा. हा वेगही सरासरीचा असतो. भारतात तो तीन मिनिटांच्या सरासरीने धरतात, अमेरिकेत एका मिनिटाच्या, आणि जागतिक हवामान संघटनेचे प्रमाण दहा मिनिटांचे आहे. मोबाइलवर दोन ठिकाणी दोन आकडे दिसले की तरुण खलाशी म्हणतात, खाते काहीतरी लपवते. कुणी काही लपवत नाही. एकाच वाऱ्याला निरनिराळ्या मापांनी मोजले की आकडे वेगळेच येणार.

बंदरावर इशाऱ्याचे बावटेही लागतात. एक ते अकरा नंबरांची ती जुनी पद्धत आहे, दिवसा शंकू आणि नळकांडी, रात्री लाल-पांढरे दिवे. तीन नंबर लागला की बंदरात सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका आहे हे कळते. तो कधी येणार हे बावटा सांगत नाही.

२०२० साली निसर्ग वादळाच्या वेळी अंदाज होता की ते हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागच्या आसपास किनारा ओलांडेल. आमचे गाव त्या पट्ट्यात येत होते. ३ जूनला दुपारी वादळ श्रीवर्धनपाशी जमिनीवर आले, आमच्यापासून दीडशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला. गावात लोक म्हणाले, ‘आपल्याकडे काही आले नाही.’ श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या, पण आपल्या अंगणातली झाडे उभी असली की माणूस अंदाजाला खोटे ठरवतो.

पुढच्याच वर्षी तौक्ते आले. १७ मे २०२१ च्या रात्री ते दीव-उनाजवळ जमिनीवर गेले, खंभातच्या आखाताच्या पलीकडे, आमच्यापासून साधारण दोनशे किलोमीटर लांब. पालघरच्या किनाऱ्यासमोरून जाताना त्याचे केंद्र शंभराहून अधिक किलोमीटर खोल समुद्रात होते. तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, मुंबईसमोरच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा बुडाला आणि कितीतरी कामगार गेले. ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ हा दुसरा तराफा भरकटत येऊन वडराईला लागला. त्यावरच्या १३७ जणांना हेलिकॉप्टरने उतरवून घेतले. वडराई आमच्या शेजारची. तो प्रचंड लोखंडी सांगाडा बघायला गावोगावचे लोक आले. त्यांच्या बोलण्यात एकच प्रश्न होता, वादळ तर गुजरातला गेले, मग हे इथे कसे?

या प्रश्नाने मला अस्वस्थ केले, कारण तो आम्हीच त्यांच्या तोंडी घातलेला होता. वर्षानुवर्षे बातम्यांत आणि पत्रकांत ‘वादळ कुठे धडकणार’ हेच पहिले वाक्य असते. जमिनीवरच्या प्रशासनाला ते हवेच. दर्यावरच्या नावेला वादळाच्या केंद्राशी देणेघेणे नसते. तिला हवा असतो तिच्या जागेवरचा वारा आणि घरी पोहोचायला उरलेला वेळ.

सातपाटीचे एक वयस्क तांडेल मला फोनवर म्हणाले होते, “ताई, आकडा राहू दे. वारा किती वाजता येणार ते सांग, मग मी भरती बघतो.” पापलेटसाठी गेलेली नाव साठ सागरी मैलांवर असली आणि सात नॉटने चालली, तर परतायला साडेआठ-नऊ तास. समोरून वारा असेल तर आणखी. सातपाटीच्या खाडीचे मुख गाळाने भरलेले, त्यामुळे ओहोटीत नाव आत येत नाही. भरती दर साडेबारा तासांनी, रोज पाऊण-एक तास उशिरा. म्हणजे ‘संध्याकाळपासून वारा वाढेल’ असे आम्ही सकाळी सांगितले आणि भरती दुपारी दोनला असली, तर लांबची नाव ती गाठू शकत नाही. ती सोसाट्यात खाडीबाहेर मध्यरात्रीनंतरच्या भरतीची वाट बघत राहणार. त्यात आखाताच्या बाजूची ओढ जबर. ओहोटीचे पाणी बाहेर धावते, वारा त्याच्या उलट आत ढकलतो, आणि लाटा आखूड, उभ्या, फुटक्या होतात. मोठ्या जहाजाला जाणवणारही नाही असा वारा तिथे नाव उलटवू शकतो.

त्या फोननंतर मी इशाऱ्याची वेळ ठरवताना भरतीचे कोष्टक शेजारी ठेवू लागले. इशारा सहा तास आधी गेला तर एक भरती पदरात पडते का, हे पाहायचे. नकाशा अजून पुरता स्पष्ट नसला तरी कधी कधी लवकर लिहायचे, कारण खात्री होईपर्यंत थांबले तर ती खात्री किनाऱ्यावरच्यांच्याच कामी येते.

लवकर लिहिण्याची किंमत असते, आणि ती दुसरा कुणी भरतो. डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी घालून निघालेली नाव अर्ध्यातून परतली आणि वारा आलाच नाही, तर तो दिवस नाखव्याच्या खिशातून जातो. हा वाद जुना आहे. ब्रिटनमध्ये हवामान खात्याचा प्रमुख फिट्झरॉय याने १८६१ मध्ये झंझावाताचे इशारे सुरू केले. इशारे चुकतात म्हणून टीका झाली, आणि त्याच्या मृत्यूनंतर १८६६ च्या अखेरीस ते बंदच केले गेले. मग बंदरांतून ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी ते परत आले. चुकणारे इशारेसुद्धा दर्यावर्दींना हवे होते. मला यातून फार बळ मिळाले आहे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणून ऐन पावसाळ्यातला वारा आमच्या नावांना फारसा गाठत नाही. भीती आहे ती मेच्या अखेरच्या दिवसांची, ऑगस्टच्या पहिल्या उत्साहाची, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरची. फयान वादळ नोव्हेंबर २००९ चे, ओखी वादळ डिसेंबर २०१७ चे. आता नावांवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बसत आहेत, खोल पाण्यातही निरोप पोहोचतो. हे मोठेच काम झाले. त्या निरोपात जागा थोडी असते, म्हणून त्यात काय लिहायचे याचा आग्रह धरायला हवा. सातपाटी, मुरबे, दातिवरे, अर्नाळा, प्रत्येक मुखासाठी दोन वेळा लिहाव्यात, वारा वाढण्याची आणि त्याआधीच्या शेवटच्या भरतीची. कोष्टके वर्षभर आधी छापून तयार असतात, वाऱ्याची वेळ आम्ही काढतोच. नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींना मी आधी सातपाटीला पाठवते, तेही ओहोटीच्या वेळी. खाडीच्या तोंडाशी किती पाणी उरते ते बघून या, म्हणते, मग पहिला इशारा लिहा.