मुरलं म्हणजे गाळलं नव्हे

मुरबाड, वैशाख

चि. भाचीबाईस मामाचे अनेक आशीर्वाद.

उंबरमाळीच्या घराचा तू पाठवलेला नकाशा पाहिला. ओटी, झोपाळा, पडवी, सगळं छान आहे. पण सेप्टिकची टाकी आणि शोषखड्डा मागच्या कोपऱ्यात, उरलेल्या जागेत ढकललाय. एवढ्यासाठीच हे पत्र.

खर्डी आणि कसाऱ्याच्या मधली ही पट्टी म्हणजे सह्याद्रीचा पायथा. खाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण, वर माती कुठे वीतभर तर कुठे पुरुषभर. तुझ्या सातबाऱ्यावर ‘वरकस’ लिहिलंय, म्हणजे ही उतारावरची, नाचणी-वरईची जमीन. पाऊस दोन-अडीच हजार मिलिमीटर, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उथळ माती लगेच भरते, बाकीचं पाणी ओढ्याला लागतं. म्हणून तर ज्या शहापूर तालुक्यात १८९२ सालचं तानसा आणि नंतरचं भातसा अशी मुंबईला पाणी पाजणारी धरणं आहेत, तिथल्याच पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो.

तेव्हा पोकलेन बोलावण्याआधी पहार-टिकाव घेऊन तीन खड्डे काढून घे: घराच्या जागी, टाकीच्या जागी आणि बागेच्या जागी. पाच-सहा फूट खोल पुरेत. वरची लाल माती, खालचा मुरूम, मग पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक, मग पाषाण, हा क्रम तीनही ठिकाणी सारखा सापडेलच असं नाही, आणि तोच तर शोधायचाय.

घराला मुरूम किंवा पाषाण लागला तर उत्तम. पण तुझ्या जमिनीचं खालचं टोक भातखाचराला लागून आहे. तिथली काळी चिकण पावसात फुगते, वैशाखात तडकते आणि भिंतींनाही तडकवते. पाया ती ओलांडून मुरमापर्यंत न्यायचा. अर्धं जोतं पाषाणावर आणि अर्धं भरावावर तर मुळीच नको, कारण भराव खचतो आणि पाषाण जागचा हलत नाही. सपाटीसाठी वरचा उतार उभा कापू नकोस. घाटापलीकडचं माळीण आठवतं ना? ३० जुलै २०१४ ला पावसाने भिजलेला डोंगर खाली आला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. तुझा उतार तेवढा नाही, पण भिजलेल्या मातीचा स्वभाव तोच.

आता शोषखड्डा. त्याची चाचणी सोपी आहे. टाकीच्या जागी शोषखड्ड्याच्या खोलीवर छोटा चौकोनी खड्डा कर, तळाला थोडी खडी घाल आणि पाणी भरून रात्रभर माती भिजू दे. सकाळी पुन्हा पाणी भर आणि ते २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळावर बघ. तीस मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालतो. तीस ते साठ मिनिटं लागली तर उथळ, लांब चर बरे. साठच्या वर गेलं तर जमिनीत सोडण्याचा नाद सोडून जमिनीवर खडी-वाळूचा गाळणथर बांधायचा. भारतीय मानकही साधारण हेच सांगतं.

पण पाणी दोन मिनिटांत गडप झालं तर गवंडी म्हणेल, “झकास जमीन आहे, टाकी कधी भरणारच नाही.” तिथेच थांब. मुरलं म्हणजे गाळलं नव्हे. फुटक्या रांजणातूनही पाणी जातंच. घाण गाळते ती माती, पाणी तिच्यातून हळू जातं म्हणून. पाषाणाच्या भेगेतून ते जसंच्या तसं पुढे सरकतं. विहिरीपासून ठरावीक अंतर दूर हा नियम मातीसाठी आहे, भेगेला तो लागू पडत नाही. तुझ्या उताराखाली पाडा आहे, त्याची विहीर आहे, आणि उन्हाळ्यात टँकर त्याच विहिरीत ओततात.

शिवाय वैशाखातला कोरडा खड्डा श्रावणात काठोकाठ भरलेला दिसेल. शोषखड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या भूजलाच्या पातळीपेक्षा दोन मीटर तरी वर हवा. म्हणून चाचणीचा खड्डा बुजवू नकोस, कुंपण घालून ठेव आणि ऑगस्टमध्ये येऊन बघ. बांधकाम एक पावसाळा पुढे गेलं तर जाऊ दे.

बागेचं काम मात्र आत्ता करता येईल. आंबा-काजूला मुरमाड उतार मानवतो. एक मीटरचे खड्डे काढून उन्हात तापू देत, मग चांगली माती आणि शेणखत भर. बांध, झाडाखालची जागा आणि शेणखताचा ढीग टाळून सात-आठ ठिकाणची माती घे, एकत्र कर आणि त्यातली अर्धा किलो तपासणीला दे. चुना घालायचा की नाही ते अहवाल आल्यावर ठरव.

नकाशा काढणाऱ्याला सांग, आधी विहिरी आणि उताराची दिशा कागदावर घे, मग शोषखड्डा, आणि उरलेल्या जागेत घर. पाड्यातल्या ठाकूर-कोळी मंडळींना विचार, कुठे झरे फुटतात ते त्यांना पाठ असतं. तुझ्या सांडपाण्याची वाट त्यांच्या हंड्यापर्यंत जाते, म्हणून हे त्यांना विचारूनच ठरायला हवं.

जावईबापूंना नमस्कार.

तुझा मामा