एका वाराचा त्याग

बेल्जियममधील गेंट शहराने २००९ मध्ये गुरुवार हा शाकाहाराचा वार ठरविला. सक्ती नव्हती; आरोग्य, प्राणिदया आणि पर्यावरण यांसाठी केलेले ते आवाहन होते. ‘एका वाराने काय साधणार?’ असे जन्मजात शाकाहारी सहज विचारतो. उत्तरपुराणातील खदिरसार भिल्लाला सर्व मांस सोडणे शक्य नव्हते. मुनींनी त्याला झिडकारले नाही. केवळ कावळ्याच्या मांसाच्या त्यागाचे व्रत दिले. प्राणसंकटातही त्याने ते मोडले नाही आणि तोच जीव पुढे राजा श्रेणिक झाला. वंशपरंपरेने शाकाहारी असणाऱ्याने मांस कधी सोडलेलेच नसते. आवडीचा घास समजून-उमजून दूर सारणाऱ्याने मात्र काही सोडलेले असते. त्याच्या गुरुवाराचा उपहास नव्हे, अनुमोदना व्हावी. कदाचित त्यामागून शुक्रवारही येईल.